थंडीत पक्षी खाली येतात, म्हणून आपण वरून सुरुवात करायची

"डिसेंबरात हिमालयात कोण जातं बर्डिंगला? सगळे पक्षी थंडीला कंटाळून आपल्याकडे भिगवणला आलेत की!" आमच्या ग्रुपमधल्या एकाचं हे ठाम मत आहे आणि ते अर्धं खरंय. म्हणजे उजनीच्या बॅकवॉटरला थंडीत बाहेरचे पाहुणे येतात, निळ्या टोपीचा कस्तुर हिमालयात घरटं करतो आणि थंडीला आपल्या सह्याद्रीत उतरतो, व्हर्डिटर फ्लायकॅचर तर मला ताम्हिणीतच पहिल्यांदा दिसला होता, सगळं मान्य. पण असे लांब उडून येणारे सोडले तर हिमालयातले कितीतरी पक्षी एवढे कष्ट घेतच नाहीत, ते फक्त डोंगर उतरतात. उन्हाळ्यात साडेतीन-चार हजार मीटरवर, जिथे आपल्याला पाठीवर सॅक घेऊन चार दिवस चालत जावं लागेल तिथे राहणारा पक्षी थंडीत दोन हजार मीटरवर येतो, काही तेराशेवर येतात, काही तर पार पायथ्याच्या तराईत नदीच्या गोट्यांवर येऊन बसतात. आणि हे सगळं उत्तराखंडच्या नैनिताल जिल्ह्यात एका टॅक्सीच्या रस्त्यावर, शंभर किलोमीटरच्या आत आहे, घाटाच्या वळणांनी पोटात ढवळतं तेवढंच.

म्हणून आम्ही ठरवलं की पक्षी जसे उतरतात तसंच उतरायचं. पहिलं पंगोट, मग सातताल, मग रामनगरजवळची कोसी नदी आणि शेवटी एकदम सपाट मैदान, भरतपूर. बहुतेक लोक उलटं करतात, खालून वर जातात, कारण स्टेशन खाली आहे. माझं स्पष्ट मत, वरून खाली या. एक तर सगळ्यात कडक थंडी अंगात उत्साह असताना उरकते, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक टप्प्यावर वरचे ओळखीचे दोन-चार चेहरे परत भेटतात आणि कोण कुठपर्यंत उतरलंय ते आपोआप कळत जातं.

दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते, तिथून टॅक्सी. काठगोदामला स्वेटर पुरतो, नैनितालला जॅकेट चढतं, आणि पुढे पंधरा किलोमीटरवर पंगोटला पोचेपर्यंत नवरा कानटोपीवर जॅकेटची टोपी ओढून बसला होता. (नवरा बर्डर नाही, फोटोग्राफर आहे. हा फरक पुढे येईल.)

पंगोट म्हणजे दोन हजार मीटरच्या आसपास, बांज म्हणजे ओक आणि बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं जंगल. इथे एक गोष्ट मला फार आवडली, पहाटे चारला उठायची सक्ती नाही. डिसेंबरात सूर्यच सातच्या सुमारास उगवतो आणि डोंगराच्या ज्या उतारावर ऊन पोचलेलं नाही तिथे पक्षी पण गप्प बसून असतात. आमचा गाइड, तिथलाच पोरगा, म्हणाला, "मॅडम जी, धूप के साथ चलो." आणि खरंच रस्त्याने चालताना ज्या वळणावर ऊन तिथे पक्षी, सावलीचं वळण आलं की सामसूम. होमस्टेच्या अंगणात स्ट्रीक्ड लाफिंगथ्रश चिमणीसारखे निवांत खरकटं वेचत होते आणि काळ्या डोक्याचे पक्षी, म्हणजे ब्लॅक-हेडेड जे, समोरच्या झाडावर भांडत होते. चहा संपायच्या आत चार लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेले पक्षी.

जंगलातलं थंडीचं बर्डिंग म्हणजे मिक्स फ्लॉकची वाट बघणं. अर्धा तास, पाऊण तास काहीच नाही, नुसती थंडी आणि बांजच्या पानांचा कचकच आवाज, आणि मग एकदम कुठून तरी बारीक चिवचिव सुरू होते आणि अख्खी वरात झाडातून येते: पाठीवर हिरवे टिट, ब्लॅक-थ्रोटेड टिट गोल गोल चेंडूसारखे, खोडावर वर चढणारा ट्रीक्रीपर, खोडावरून उलटा खाली येणारा नटहॅच, मध्येच ग्रे-हुडेड वॉर्बलर, वर शेंड्याला एखादा मरून ओरिओल. थंडीत किडे कमी असतात, त्यामुळे वेगवेगळ्या जातींनी एकत्र फिरलं की खाणं शोधायला सोपं जातं आणि शिकरा आला तर बघायला जास्त डोळे असतात. पाच मिनिटात वरात पुढे निघून जाते. त्या पाच मिनिटात दुर्बीण कुठे धरू कुठे नको असं होतं, आणि नवऱ्याचा कॅमेरा फोकस शोधत असतानाच ते संपतं, त्यामुळे पहिल्या दिवशी त्याच्याकडे पानांचे फार सुंदर फोटो आले.

किलबरीच्या रस्त्यावरून त्रिशूळ आणि नंदादेवी दिसतात, थंडीत हवा स्वच्छ म्हणून अगदी कोरून काढल्यासारखी. तिथेच वर चढणाऱ्या गरम हवेवर हिमालयन ग्रिफन गिधाडं घिरट्या घालत असतात, आणि आम्हाला डोक्यावरून, म्हणजे खरंच पंखांचा सूंऽऽ आवाज येईल इतक्या जवळून, दाढीवालं गिधाड गेलं. लॅमरगायर. हाडं उचलून उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि तुकडे गिळतं, ते हेच. आपल्याकडे गिधाडं दिसणंच इतकं दुर्मिळ झालंय की मी फोटो वगैरे विसरून नुसती बघत राहिले.

विनायक नावाच्या जागेच्या बाजूला चीर फेजंटसाठी, म्हणजे रानकोंबड्याच्या जातकुळीतल्या एका पक्ष्यासाठी, गेलो तो दिवस मात्र सूट नसलेला. अंधारात निघायचं, कारण चीर सकाळी उजाडताना ओरडतो आणि मग उंच वाळक्या गवताच्या खड्या उतारावर असा मिसळून जातो की बस. हात कामातून गेले होते, हातमोजे घालून फोकस रिंग फिरत नाही आणि काढले तर बोटं राहत नाहीत. कोक्लास, हाही एक फेजंटच, नुसता ऐकू आला, दरीच्या पलीकडून, कर्कश. चीर मात्र जोडी दिसली, लांब पट्ट्यापट्ट्यांची शेपटी, गवतातून डोकं वर, परत खाली. हा पक्षी धोक्यात आहे, कारण त्याला हवा असा गवताळ उतार दिवसेंदिवस कमी होतोय आणि शिकार वेगळीच. याच नैनितालच्या डोंगरात 1876 मध्ये हिमालयन क्वेलची शेवटची खात्रीशीर नोंद झाली, तीही बंदुकीनेच, आणि त्यानंतर दीडशे वर्षं होत आली तरी कोणालाच तो सापडलेला नाही. नामशेष म्हणून अजून जाहीर केलेला नाही, कारण असल्याच गवतात लपणारा, उडायला आळशी असा पक्षी होता तो. आमचा गाइड म्हणाला दिखा तो पहले फोटो लूंगा, फिर चिल्लाऊंगा. मी म्हटलं आधी मला हाक मार.

जेवणाबद्दल दोन ओळी तरी पाहिजेतच. मडुआ म्हणजे आपली नाचणीच, तिची भाकरी, भट्टची चुडकानी (काळ्या सोयाबीनची दाटसर आमटी), आलू के गुटके आणि भांगेच्या बियांची चटणी. घाबरू नका, बियांनी काही चढत नाही, मी दोन वाट्या खाल्ल्या.

मग सातताल. तेराशे-चौदाशे मीटर, तळी, आणि अचानक ऊबदार वाटायला लागतं. 1930 मध्ये स्टॅन्ली जोन्स नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने इथे ख्रिश्चन आश्रम सुरू केला, त्या इस्टेटीमुळे आजूबाजूचं जंगल बऱ्यापैकी टिकलंय. वर उन्हाळ्यात असणारे हिमालयन ब्लूटेल, स्लेटी-ब्लू फ्लायकॅचर इथे झुडपात खाली खाली वावरताना दिसतात. ओढ्याकाठी एक जागा आहे तिला बर्डर लोक 'स्टुडिओ' म्हणतात, पक्षी पाण्यावर येतात आणि प्रकाश चांगला पडतो म्हणून. तिथे चेस्टनट-हेडेड टेसिया बघितला. शेपूट नसलेला, लिंबाएवढा, पिवळा पोटाचा गोळा, ओल्या दगडांमधून उंदरासारखा सरसरत जातो. मला तो वीस मिनिटांत मिळून तीनेक सेकंद दिसला असेल, पण दिसला.

आणि इथेच आमची भांडणं झाली. साततालच्या आसपास आता ठिकठिकाणी हाइड झालेत. हिरव्या कापडाचा आडोसा, त्याला लेन्सपुरती भोकं, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर शेवाळं लावलेलं सुंदर लाकूड, पाण्याची कुंडी, आणि लाकडाच्या मागच्या खाचेत, फोटोत येणार नाही अशा बेताने, दाणे, पोळीचे तुकडे, अळ्या. दर खुर्चीमागे पैसे आकारतात. नवरा म्हणाला स्वर्ग आहे हा. लाल चोचीचे लिओथ्रिक्स दहा फुटांवर, रेड-बिल्ड ब्लू मॅगपाय शेपटी मिरवत, कालिज फेजंट कोंबडीसारखे दाणे टिपतायत. सकाळच्या एका सत्रात त्याला जे फोटो मिळाले ते पंगोटला मिळाले नव्हते, हे मी नाकारत नाही. पण मला तिथे तासाभरात चुळबुळ सुरू झाली. शेजारच्या खुर्चीतला माणूस 'तो थोडा डावीकडे बसला पाहिजे' म्हणून हाइडवाल्याला लाकूड हलवायला सांगत होता, आणि पक्षी आला की पंधरा कॅमेऱ्यांचा मशिनगनसारखा आवाज.

माझ्या मनात अजून यावर पक्कं काही ठरत नाही. हाइड चालवणारी गावातलीच पोरं आहेत. पूर्वी यातले काही दिल्लीला हॉटेलात काम शोधायला जायचे, आता घरामागचं जंगल शाबूत राहण्यात त्यांचा फायदा आहे, कोणी कुऱ्हाड घेऊन आला तर तेच आधी आडवे येतात. पुण्यात बसून त्यांना नैतिकता शिकवायला मला लाज वाटते. पण रोज त्याच जागी आयतं खाणं मिळतंय हे शिकऱ्याला पण कळतं, एका कुंडीवर सगळे येतात म्हणजे आजार पण पसरू शकतो, आणि पोळी हे काही लिओथ्रिक्सचं अन्न नव्हे. नुसतं पाणी ठेवणारा हाइड असेल तर मी आनंदाने पैसे देईन, असा एक मिळाला पण. आणि पक्ष्याला जवळ बोलवायला ब्लूटूथ स्पीकरवर त्याचा कॉल वाजवणं, त्याला मात्र मी सरळ नको म्हणते. आमच्या गाइडला पहिल्याच दिवशी सांगितलं, तो बिचारा सुटल्यासारखा हसला, म्हणाला लोकच मागे लागतात, नहीं बजाया तो बोलते हैं गाइड अच्छा नहीं. नवरा आणि मी शेवटी वेगवेगळे झालो. तो हाइडमध्ये, मी चाफीला.

चाफीला एक नदी आहे, छोटीशीच, आणि तिथे ब्राउन डिपर. हा पक्षी गार पाण्यात चक्क बुडी मारून तळाशी किडे शोधतो, वर येतो, दगडावर उठाबशा काढतो, परत बुडी. क्रेस्टेड किंगफिशर म्हणजे आपल्या कवड्या खंड्याचा थोरला भाऊ, केस विस्कटलेला. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट आणि प्लंबिअस रेडस्टार्ट दगडादगडावर आपापली हद्द सांभाळत होते. हे दोघंही उन्हाळ्यात कितीतरी वर असतात.

साततालहून कालाढुंगीमार्गे रामनगर. कालाढुंगीला जिम कॉर्बेटचं घर आहे, आता म्युझियम. त्याचा जन्म नैनितालचा, 1875 चा, आणि त्यांचं कुटुंब उन्हाळ्यात नैनितालला आणि थंडीत खाली कालाढुंगीला राहायचं. म्हणजे हे पण उतरणारेच! आणि ते एकटे नव्हेत, कुमाऊंच्या वरच्या गावातली माणसं पिढ्यानपिढ्या थंडीत गुरंढोरं घेऊन खाली भाबरमध्ये, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या पट्ट्यात, यायची आणि उन्हाळ्यात परत वर. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर मी रूट समजावून सांगण्यात इतका वेळ घालवलाच नसता.

कॉर्बेट पार्कात एक सफारी केली, 1936 मध्ये हेली नॅशनल पार्क म्हणून सुरू झालेला हा देशातला पहिला राष्ट्रीय उद्यान, सगळं खरं, पण जिप्सीतले बाकीचे वाघासाठी आलेले आणि मी "थांबा थांबा सुतार" म्हणून ओरडणारी, त्यामुळे फारसं जमलं नाही. खरी मजा पार्काबाहेर कोसीच्या पात्रात. गोटेच गोटे, राखाडी, पांढरे, मैलभर. त्यात आयबिसबिल शोधायचा. राखाडी अंग, काळा चेहरा, छातीवर काळा पट्टा आणि लाल बाकदार चोच, ऐकायला एवढं ठळक वाटतं, पण तो दगडांत उभा राहिला की दगडच. गाइडने स्कोप लावून दिला, मी बघितलं, दगड. परत बघितलं, दगड. मग एका दगडाने चोच पाण्यात घातली. हा पक्षी उन्हाळ्यात उंचावरच्या हिमनद्यांच्या प्रवाहांकाठी घरटं करतो आणि थंडीत इथे साडेतीनशे मीटरवर येऊन उभा असतो. त्याच दिवशी संध्याकाळी कड्यावर वॉलक्रीपर, राखाडी खारीसारखा खडकावर चढत होता आणि पंख उघडला की आत किरमिजी रंग. एका नदीवर दोन असे पक्षी, की ज्यांच्यासाठी लोक लडाखच्या वाऱ्या करतात. नवऱ्याने वॉलक्रीपरचा फोटो काढला, पंख मिटलेला. मी काही बोलले नाही.

मग दिल्ली, आणि तिथून भरतपूर. उतरणं इथे संपतं, जेमतेम पावणेदोनशे मीटर उंची. आणि इथे भेटणारे पाहुणे डोंगर उतरलेले नाहीत, ते डोंगर ओलांडून आलेत. पट्टकादंब हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे, तिबेट-मंगोलियातून हिमालयावरून उडत येतात, सात हजार मीटरच्या आसपास उडाल्याच्या नोंदी आहेत. ज्या त्रिशूळाकडे मी पंगोटहून आ वासून बघत होते त्याची उंची 7120 मीटर. आणि हे महाशय इथे गवतात डुलत डुलत चालतायत.

केवलादेव, म्हणजे भरतपूरचं पक्ष्यांचं उद्यान, एकोणतीस चौरस किलोमीटर फक्त. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं नैसर्गिक तळं आहे, पण ही माणसाने केलेली पाणथळ आहे. सखल जागा होती, अठराव्या शतकात सूरजमल राजाने अजान बांध घातला, मग पुढच्या राजांनी बंधारे घालून बदकांच्या शिकारीसाठी खास तळी केली. आत केवलादेवाच्या देवळाजवळ एक दगडी फलक आहे, त्यावर कोणी कधी किती पक्षी मारले त्याची यादी. 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा एका दिवसात 4273 पक्षी. फलकाजवळ लोक सेल्फी काढतात. शेवटची मोठी शिकार 1964 ची, पुढे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं, राष्ट्रीय उद्यान झालं, 1985 ला जागतिक वारसा.

गेटवर सायकल रिक्षा घ्या, हे आग्रहाने सांगते. हे रिक्षावाले ट्रेनिंग घेतलेले आहेत आणि त्यांची नजर म्हणजे कहर. आमचे काका, साठीच्या पुढचे असतील, पेडल मारता मारता मान न वळवता "बाएं, कदम के पेड़ में, कॉलर्ड स्कॉप्स" म्हणायचे आणि आम्ही दहा मिनिटं तेच झाड बघत बसायचो. घुबड तिथे असायचंच. डिसेंबरात धुकं दहापर्यंत हटत नाही, तोपर्यंत नुसते आवाज, आणि मग एकेक झाड उघडं पडतं आणि झाडावर चित्रबलाकांची अर्धवट वाढलेली मळकट पिल्लं कर्कश ओरडत आई-बापाच्या मागे लागलेली. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, हे सगळे आपल्याकडे पण दिसतात, पण इथे डाइकवर म्हणजे बांधावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना, आणि माणसाला न घाबरता. सारसांची जोडी शेतात नाचताना दिसली. ऊन वर आलं की अजगर साळिंदराच्या बिळाबाहेर येऊन ऊन खात पडतात, काकांना प्रत्येकाचा पत्ता पाठ.

सायबेरियन क्रेन मात्र नाही. साठच्या दशकात इथे दोनशेच्या आसपास यायचे, मग कमी कमी होत 2002 ला शेवटची जोडी आली आणि संपलं. येण्याच्या वाटेवर अफगाणिस्तान-पाकिस्तानात शिकार, तळी आटणं, अशी कारणं सांगतात. काकांनी ते बघितलेत. "इतना सफेद था," एवढंच म्हणाले आणि रिक्षा पुढे काढली.

परत येताना त्यांनी म्हशींची गोष्ट काढली. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर आत गुरं चारायला बंदी आली, गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढे आपल्या मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) वर्षानुवर्षं अभ्यास करून काढलेला निष्कर्ष असा, की म्हशी गेल्यामुळे पाणगवत इतकं माजलं की पाण्याची मोकळी जागाच भरून गेली, बदकांना उतरायला जागा नाही, म्हणजे म्हशी उपयोगाच्या होत्या. त्यात विलायती बाभूळ, आणि पाण्याचे वांधे तर आहेतच: वरच्या बाजूला गंभीरी नदीवर पांचना धरण झाल्यापासून पाणी येईल तेव्हा येईल. त्यामुळे जाण्याआधी यंदा पाणी सोडलंय का ते फोन करून नक्की विचारा. पाणी नसलेल्या वर्षी भरतपूरला जाण्यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा तेवढे दिवस पंगोटला वाढवा.

स्टेशन दिल्ली-मुंबई मेन लाइनवर आहे, त्यामुळे परतीला पुन्हा दिल्लीला जाऊन विमान पकडायची गरज पडत नाही, आम्ही सरळ ट्रेननेच मुंबईला आलो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या सहा-सहा तास लेट होतात तेवढी सवड ठेवा. दुर्बीण माणशी एक घ्या, एकात दोघं म्हणजे भांडणं. थर्मल दोन जोड. आणि हाइडमध्ये जायचं की नाही ते घरूनच ठरवून निघा, टॅक्सीत नको, ड्रायव्हर पण मग मत देतो.